तंत्रक्षेत्रात स्त्रियांचे पुनरागमन

मद्रासजवळील गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालय हे देशातील अत्यंत जुन्या तंत्रशिक्षणसंस्थांपैकी एक होय. १९४० च्या सुमारास तेथे विद्युत्-अभियांत्रिकीच्या वर्गात अय्यलसोमयाजुला ललिता नावाची एक विद्यार्थिनी बसू लागली. तिचे वय वीस-एकवीस वर्षांचे होते. ती विधवा होती आणि एका लहान मुलीची आई होती. पंधराव्या वर्षी विवाह, त्यानंतर शालान्त परीक्षेपर्यंत कसेबसे चाललेले शिक्षण, १९३७ मध्ये कन्येचा जन्म आणि अवघ्या चार महिन्यांनी पतीचा मृत्यू, असा तिचा पूर्ववृत्तान्त होता. त्या काळच्या रूढीप्रमाणे तिचे पुढील आयुष्य घराच्या मागच्या दालनात जावयाचे. तसे झाले नाही. तिने इंटरमीडिएटची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली, आणि केवळ पुरुषांसाठी चाललेल्या महाविद्यालयात प्रवेश मिळविला. १९४३ मध्ये तिचा शिक्षणक्रम पूर्ण झाला, तेव्हा प्रमाणपत्रावर छापलेला ‘तो’ या अर्थाचा इंग्रजी शब्द खोडून त्या जागी ‘ती’ या अर्थाचा शब्द लिहावा लागला. स्त्री येथवर येईल अशी कल्पना छापखान्यालाही नव्हती!

ललिता यांनी बिहारमधील जमालपूरच्या रेल्वे कर्मशाळेत उमेदवारी केली, सिमल्यास केंद्रीय मानक संघटनेत काम केले आणि १९४८ पासून कलकत्त्यास असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत विद्युत्-अभियंता म्हणून निवृत्तीपर्यंत सेवा केली. विद्युत्-वाहिन्या व उपकेंद्रे यांची मांडणी हा त्यांच्या कामाचा विषय होता, आणि भाक्रा-नानगल प्रकल्पाच्या विद्युत्-योजनेतही त्यांचा हात होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या स्त्री अभियंत्यांच्या व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेस त्या उपस्थित राहिल्या. १९७९ मध्ये त्यांचे निधन झाले.

ही कथा बहुधा धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा दृष्टीआड राहते. ललिता यांचे वडील, पप्पू सुब्बाराव, हे त्याच महाविद्यालयात विद्युत्-अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. प्रवेशासाठी कोणाला भेटावयाचे, कोणत्या अधिकाऱ्याची अनुज्ञा मिळवावयाची, हे त्यांना ठाऊक होते. मुलीचा सांभाळ करणारे आप्त होते. कलकत्त्याची नोकरी सोयीची झाली तीही तेथे भावाचे घर होते म्हणून. म्हणजे खंडित झालेल्या शिक्षणावरून पलीकडे जाण्यास जो पूल लागतो, तो ललितांच्या घरच्यांनी बांधला. ज्या स्त्रीचे वडील प्राध्यापक नाहीत आणि ज्या शहरात प्रयोगशाळा आहे तेथे जिचा भाऊ राहत नाही, तिच्यासाठी तो कोणी बांधावयाचा? प्रस्तुत विषयाचे मूळ या प्रश्नात आहे.

वयाचे गणित

वैज्ञानिक शिक्षणाचा हिशेब मांडून पाहिला म्हणजे अडचण कोठे आहे हे चटकन ध्यानात येते. विज्ञानाची पदवी सामान्यतः एकविसाव्या वर्षी मिळते, पदव्युत्तर पदवी तेविसाव्या वर्षी. त्यानंतर विद्यावाचस्पती पदवीसाठी पाच-सहा वर्षे लागतात. म्हणजे वय अठ्ठावीस-एकोणतीस होते. त्यापुढे एखाद्या संस्थेत दोन-तीन वर्षे उच्चतर संशोधन केल्याखेरीज कायम पदासाठी अर्ज विचारात घेतला जात नाही. येथे वय एकतीस-बत्तीस झाले. आणि अनेक संशोधनसंस्थांत प्रारंभीच्या शास्त्रज्ञपदाची वयोमर्यादा बत्तीस ते पस्तीस वर्षांच्या आसपास असते.

हा सर्व मार्ग एका क्षणाचीही विश्रांती न घेता चालणाऱ्या माणसासाठी आखलेला आहे. स्त्रीच्या आयुष्यात विवाह, गर्भारपण आणि मुलांचे संगोपन ही नेमकी याच वर्षांत येतात. तिने पाच वर्षांचा खंड घेतला, तर ती छत्तिसाव्या वर्षी दाराशी पोहोचते आणि दार पस्तिसाव्या वर्षीच बंद झालेले असते. तिची बुद्धी किंवा विषयावरील प्रभुत्व तपासण्याची वेळच येत नाही. अर्ज कचेरीतील कारकुनाच्या टेबलावरच गळतो.

वयाखेरीज आणखी काही अडसर आहेत आणि ते कागदावर दिसत नसल्यामुळे अधिक त्रासदायक ठरतात. गेल्या पाच वर्षांत प्रसिद्ध झालेले निबंध पाहून उमेदवाराची योग्यता ठरविण्याची पद्धत आहे. खंडात निबंध कोठून येणार? शिफारस देणारे गुरुजन निवृत्त झालेले असतात, किंवा त्यांना आपली जुनी विद्यार्थिनी अंधुकच आठवते. पतीची बदली झाली म्हणजे प्रयोगशाळा मागे राहते. आणि एक अगदी साधी, म्हणून दुर्लक्षित राहणारी गोष्ट: बहुतेक शास्त्रीय नियतकालिके संस्थेच्या वर्गणीवर वाचावयास मिळतात. संस्थेचे नाव गेले की वाचनही जाते. घरी बसलेली स्त्री मागे पडते ती आळसामुळे असे लोक समजतात; वस्तुतः तिच्या हातून ग्रंथालयाची किल्लीच काढून घेतलेली असते.

कोणते ज्ञान शिळे होते?

यावर असा आक्षेप घेतला जातो की, नियम शिथिल केले तरी विज्ञान थांबून राहत नाही. पाच-सात वर्षांनी परत आलेल्या व्यक्तीस काय येत असणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर उदाहरणानेच देणे बरे.

समजा, एखादी रेणवीय जीवशास्त्रज्ञ २०१० मध्ये प्रयोगशाळेतून बाहेर पडली आणि २०१६ मध्ये परतली. दरम्यान २०१२ मध्ये जेनिफर डाउडना व एमान्युएल शार्पाँतिये यांनी ‘क्रिस्पर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुक-संपादनाच्या साधनावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. (याच कार्यासाठी त्यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.) तीन-चार वर्षांत हे साधन जगभरच्या प्रयोगशाळांत नित्याचे झाले. परतलेल्या स्त्रीस ते सर्वस्वी अपरिचित. परंतु या साधनाचे कार्य कसे चालते ते पाहा. सुमारे वीस अक्षरांचा एक मार्गदर्शक रेणू डीएनएच्या साखळीवर आपल्याशी जुळणारी जागा शोधतो आणि त्याच्यासोबतचे प्रथिन त्या जागी साखळी कापते. जुळणी होते ती रेणूंच्या ठरलेल्या जोड्यांच्या नियमाने, आणि तो नियम १९५३ पासून पाठ्यपुस्तकांत आहे. कापलेली साखळी पेशी कशी सांधते, हेही तिला पूर्वीपासून ठाऊक आहे. तेव्हा तिला शिकावयाचे आहे ते एक नवे हत्यार. एखाद्या चालू प्रयोगशाळेत काही महिने काम केले म्हणजे ते हातात बसते.

विद्युत्-अभियांत्रिकीत हे अधिकच स्पष्ट दिसते. रोहित्र ज्या तत्त्वावर चालते ते फॅरडेने १८३१ मध्ये शोधून काढले. उपकेंद्रातील संरक्षक उपकरणे मात्र पूर्वी चुंबकीय होती, आता ती संगणकीय झाली आहेत. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या क्षेत्रात भाषा व साधने तर दर काही वर्षांनी बदलतात. आणि म्हणूनच तेथे खंड न घेतलेल्यांनाही ती पुनःपुन्हा शिकावीच लागतात. थोडक्यात, तत्त्वे टिकतात, हत्यारे बदलतात आणि हाताची सवय जाते. हत्यार व सवय या दोन्ही गोष्टी कामाच्या जागीच परत मिळतात, वर्गात व्याख्याने ऐकून मिळत नाहीत. पुनरागमनाच्या योजनेचे यश या एका गोष्टीवर फार अवलंबून आहे. निव्वळ उजळणी-वर्ग भरवून अशा स्त्रियांची बोळवण करण्याचा मोह संस्थांना पडतो, तो टाळलाच पाहिजे.

ब्रिटनमधील दोन प्रयोग

१९६२ मध्ये स्टेफनी शर्ली या तरुण स्त्रीने सहा पौंड भांडवलावर संगणकाच्या आज्ञावली लिहून देणारी कंपनी काढली. त्या स्वतः १९३९ मध्ये नाझी राजवटीपासून वाचविलेल्या निर्वासित मुलांपैकी एक म्हणून इंग्लंडमध्ये आल्या होत्या. लग्न किंवा बाळंतपण यांमुळे नोकरी सुटलेल्या शिक्षित स्त्रिया पुष्कळ आहेत आणि त्यांचे ज्ञान वाया जात आहे, हे त्यांनी हेरले. त्या काळी आज्ञावली प्रथम कागदावर लिहिली जात असे. तिचा आराखडा काढणे, टप्पे पाडणे, तपासणे ही कामे घरच्या जेवणाच्या टेबलावरही होऊ शकत. लागत होता तो फक्त टेलिफोन. शर्लीबाईंनी कामाचे लहान लहान, मोजता येण्याजोगे भाग पाडले आणि वेळेचा हिशेब तासांवर ठेवला. पत्रांवर ‘स्टेफनी’ अशी सही केली तर उत्तर येत नाही, हे पाहून त्या ‘स्टीव्ह’ अशी पुरुषी सही करू लागल्या. टेलिफोनवर बाळाचे रडणे ऐकू जाऊ नये म्हणून टंकलेखनाच्या खडखडाटाची ध्वनिफीत लावून ठेवीत. याच स्त्रियांनी पुढे काँकॉर्ड या स्वनातीत विमानाच्या उड्डाण-नोंदयंत्राची आज्ञावली तयार केली. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुष भेदभावाविरुद्ध कायदा झाला तेव्हा या कंपनीस पुरुषांनाही घेणे भाग पडले, हा त्यातील एक विनोदच म्हणावयाचा.

दुसरा प्रयोग विद्यापीठांतील होय. डॅफ्ने जॅक्सन या अणुकेंद्रविज्ञानाच्या अभ्यासक १९७१ मध्ये सरे विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. ब्रिटनमध्ये या विषयाचे प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये खंडानंतर परतणाऱ्यांसाठी अधिछात्रवृत्त्या सुरू झाल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९९२ मध्ये, त्यांच्या नावाने न्यास स्थापन झाला. या अधिछात्रवृत्तीचे स्वरूप विचारपूर्वक ठरविलेले आहे: मुदत सामान्यतः दोन वर्षांची, काम अर्धवेळ, संशोधन खरेखुरे, आणि त्याच्या जोडीला हरवलेली कौशल्ये परत मिळविण्याचे प्रशिक्षण. अर्धवेळ हा त्यातील कळीचा मुद्दा आहे. मूल लहान असताना दिवसाचे आठ तास देणे ज्या स्त्रीस अशक्य असते, ती चार तास निष्ठेने देऊ शकते.

भारतातील व्यवस्था

आपल्याकडे केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये ‘स्त्री शास्त्रज्ञ योजना’ सुरू केली. तिच्या तीन शाखा होत्या. पहिली मूलभूत व उपयोजित संशोधनासाठी. दुसरी समाजोपयोगी प्रश्नांवर शास्त्रीय उपाय शोधण्यासाठी. तिसरी बौद्धिक संपदेच्या, विशेषतः पेटंटच्या, कामाचे प्रशिक्षण देण्यासाठी. २०१४ मध्ये स्त्रियांसाठीचे असे सर्व कार्यक्रम ‘किरण’ या नावाखाली एकत्र आणले गेले. जैवतंत्रज्ञान विभागानेही २०११ मध्ये ‘बायोकेअर’ नावाचा स्वतंत्र कार्यक्रम आरंभिला.

पहिल्या शाखेतील एक तरतूद मोलाची होती. संशोधनप्रकल्प स्त्रीच्या स्वतःच्या नावे मंजूर होई. ती प्रकल्पाची मुख्य अन्वेषक, आणि संस्था तिला जागा व उपकरणे देणारी यजमान. एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली मदतनीस म्हणून परत येणे आणि स्वतःच्या प्रश्नासह परत येणे यांत मोठे अंतर आहे. शिवाय या योजनेची वयोमर्यादा पुढे सत्तावन्न वर्षांपर्यंत नेण्यात आली. मुले मोठी झाल्यावर पन्नाशीत प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या स्त्रीस दार उघडे ठेवणारी ही सरकारी योजना होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या शाखेचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा. कारण तिने स्त्रियांना जुन्या कामाकडे न नेता, जुन्या ज्ञानाच्या बळावर नव्या कामाकडे नेले. पेटंट म्हणजे संशोधकास आपल्या शोधावर ठरावीक काळ, सध्या अर्ज दाखल केल्यापासून वीस वर्षे, मिळणारा अनन्य हक्क. तो मिळण्यास शोध नवा असावा लागतो, तज्ज्ञास सहज सुचण्यासारखा नसावा लागतो आणि उद्योगात उपयोगी पडणारा असावा लागतो. शोध नवा आहे की नाही हे ठरविण्यासाठी पूर्वीचे सर्व वाङ्मय धुंडाळावे लागते. हळदीचे उदाहरण प्रसिद्धच आहे. जखम भरून आणण्यासाठी हळदीचा उपयोग करण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठास मिळाले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, त्यास आव्हान दिले. आजीबाईच्या बटव्यातील गोष्ट साऱ्यांना माहीत आहे एवढे म्हणून भागत नव्हते. लेखी पुरावा हवा होता. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये एका भारतीय वैद्यक नियतकालिकात आलेला निबंध असे पुरावे सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द ठरले.

असा शोध घेण्यास कायद्याचे ज्ञान हवे हे खरे. पण त्याआधी निबंधातील रसायनशास्त्र वाचता आले पाहिजे. म्हणूनच भारतीय कायद्याने पेटंट-अभिकर्त्यास विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी आवश्यक ठरविली असून, पेटंट कार्यालय घेत असलेली परीक्षाही त्याला सामान्यतः उत्तीर्ण व्हावी लागते. २००५ मध्ये औषधांसारख्या प्रत्यक्ष उत्पादनांवरही पेटंट देण्याची तरतूद आपल्या कायद्यात झाली आणि या कामाची मागणी वाढली. योजनेत स्त्रियांना एक वर्षाचे प्रशिक्षण, त्यातील बहुतेक काळ प्रत्यक्ष कामावर, देण्याची व्यवस्था होती. हे काम संगणकावर, घरून, तासांच्या हिशेबाने करता येते. शर्लीबाईंच्या जेवणाच्या टेबलाची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

खासगी उद्योगांतही काही प्रयत्न झाले. टाटा समूहाने २००८ मध्ये खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी उमेदवारीचा कार्यक्रम काढला. त्यात सुमारे पाचशे तासांचे खरे काम पाच-सहा महिन्यांत, सोयीच्या वेळी, करावयाचे होते.

खंड पडूच नये यासाठी केलेल्या कायद्यांचाही येथे ओझरता उल्लेख केला पाहिजे. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यावाचस्पती पदवीसाठी अभ्यास करणाऱ्या स्त्रियांस दोनशे चाळीस दिवसांपर्यंत रजा व मुदतीत दोन वर्षांची सवलत दिली. मात्र प्रसूतिरजेच्या वेतनाचा भार एकट्या मालकावर पडतो, तेव्हा तरुण स्त्रीस कामावर घेण्यासच तो कचरण्याचा संभव असतो. रजा वाढविताना या बाजूकडे पुरेसे लक्ष दिले गेले असे म्हणता येत नाही.

अधिछात्रवृत्ती संपल्यावर

२०१० मध्ये भारतीय विज्ञान अकादमी व बंगळुरू येथील राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी विद्यावाचस्पती पदवी मिळविलेल्या स्त्रियांविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच्या लेखकांत अनिता कुरूप यांच्यासमवेत रोहिणी गोडबोले होत्या. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कणभौतिकीचे संशोधन केलेल्या गोडबोले यांचे २०२४ मध्ये निधन झाले. स्त्रिया संशोधन सोडतात त्या घरच्या जबाबदारीमुळे, ही सर्वसाधारण समजूत या अभ्यासाने हलविली. संशोधनाबाहेर राहिलेल्या स्त्रियांनी मुख्यतः सांगितले ते असे की, योग्य ते काम मिळालेच नाही. म्हणजे ज्यास ‘कौटुंबिक खंड’ म्हणावयाचे, तो पुष्कळदा बेकारीचा खंड असतो आणि कुटुंबाचे नाव त्यास मागाहून लावले जाते.

हे खरे असेल तर अधिछात्रवृत्तीने निम्मेच काम होते. तिची तीन वर्षे संपतात, निबंध प्रसिद्ध होतात, हात पुन्हा बसलेला असतो, आणि स्त्रीचे वय आता चाळीस झालेले असते. कायम पदाच्या जाहिरातीत वयोमर्यादा पस्तीसच असते. मग ती दुसऱ्या अल्पमुदतीच्या योजनेसाठी अर्ज करते, त्यानंतर तिसऱ्या. एका दालनाचे दार उघडून दिले आणि पुढच्या दालनास कुलूप तसेच ठेवले, तर माणूस उंबरठ्यावरच राहावयाचा. वय मोजताना जन्मापासूनची वर्षे न मोजता प्रत्यक्ष संशोधनात घालविलेली वर्षे मोजावीत, ही सूचना अनेकदा पुढे आलेली आहे. तिला पैसा लागत नाही. जाहिरातीतील एक ओळ बदलावी लागते.

ज्या वाचक भगिनींना स्वतः अर्ज करावयाचा असेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. वर सांगितलेल्या केंद्रीय योजनेची पुनर्रचना होऊन तिच्या शाखांना पुढे ‘वाइज’ या शब्दाने आरंभ होणारी नावे मिळाली. तेव्हा जुन्या माहितीपत्रकावर न विसंबता विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची त्या वर्षीची जाहिरातच पाहावी. प्रकल्प लिहिण्यापूर्वी घराजवळच्या महाविद्यालयात किंवा प्रयोगशाळेत जाऊन यजमान होण्यास कोण तयार आहे हे विचारावे. उपकरणे कोणती आहेत ते पाहूनच प्रश्न निवडावा. आणि खंडाची वर्षे अर्जात झाकून ठेवू नयेत. ती सन व महिना देऊन, कारणासह, सरळ लिहावीत. या योजनांत त्या रकान्यासाठी जागा राखलेली असते.